आईच्या फोनवर जाहिरातींचा पूर आलाय, आणि पोराला पाहिजे काँट्रा. काय करावं?

मानेवाडा_रिंगरोड:

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहून राहिलो. प्रश्न खरं तर दोन आहेत पण आमच्या घरी दोन्ही एकाच फोनवर येऊन अडकले म्हणून सोबतच विचारतो. पोराच्या शाळेला सुट्ट्या लागल्या, बाहेर ४५ डिग्री, दुपारी बारा ते पाच कोणाला घराबाहेर सोडायची सोय नाही, मग तो कूलरसमोर बसून आजीचा फोन घेते. मीच त्याला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं की आम्ही तुझ्याएवढे असताना टीव्हीला डबा लावून काँट्रा खेळायचो, मारिओ खेळायचो, सक्करदऱ्याच्या मावशीकडे गेलो की सगळे मावसभाऊ एका रिमोटसाठी रांग लावायचो. झालं, त्यानं स्टोअरवर शोधलं आणि जुने सगळे गेम एकाच अ‍ॅपमध्ये असं लिहिलेलं एक अ‍ॅप टाकलं. त्यानं परवानग्या मागितल्या, पोरानं सगळ्याला हो म्हटलं. कॉन्टॅक्ट्ससुद्धा. नऊ वर्षांचं पोरगं, त्याला काय समजणार.

आता गेममध्ये दोनदा मेलं की अर्ध्या मिनिटाची जाहिरात, ती बंद करायची फुली एवढी बारीक की बोट लावलं की दुसरंच काही उघडते. हे एकवेळ चाललं असतं. पण आठवड्याभरापासून गेम बंद असतानाही जाहिराती येऊन राहिल्या. रात्री अकराला फोन आपोआप उजळतो. परवा आईनं मामाला फोन लावायला घेतला तर पूर्ण स्क्रीनवर "तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे" असं आलं आणि तिनं घाबरून ओके दाबलं. आई ६८ ची आहे, तिची पेन्शन ज्या खात्यात येते त्याचं यूपीआय याच फोनवर आहे, बाबांचे शेवटच्या वर्षांतले फोटो याच फोनवर आहेत. म्हणून फोन पूर्ण पुसून टाका असा सल्ला कृपया देऊ नका, ते मी सगळ्यात शेवटी करीन.

फोन अँड्रॉइड १२ चा आहे. पैसे न घालता जाहिराती कशा थांबवायच्या, प्रायव्हसीचे अ‍ॅप म्हणून जे शंभर नावं दिसतात त्यातलं खरं कामाचं कोणतं, आणि पोराला जाहिरातीशिवाय जुने गेम कसे द्यायचे, हे कोणी नीट समजावून सांगितलं तर फार उपकार होतील. पोराला मी शब्द दिला आहे.

बर्डीचा_कारागीर:

भाऊ, आधी काही नवीन टाकू नका. लोक इथंच चुकतात, एका खराब अ‍ॅपवर उपाय म्हणून दुसरं अ‍ॅप टाकतात, क्लीनर टाकतात, अँटिव्हायरस टाकतात, आणि ते क्लीनरच जाहिराती दाखवून राहिलं असते. मी बर्डीत मोबाईल दुरुस्तीचं काम करतो, उन्हाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या फोनमध्ये ही तक्रार रोजची आहे, आणि दहातल्या नऊ वेळा फोन पुसावा लागत नाही.

चोर पकडायची सोपी रीत सांगतो. जाहिरात पूर्ण स्क्रीनवर आली की ती बंद करू नका, खालचं चौकोनाचं बटन दाबा म्हणजे चालू असलेले सगळे अ‍ॅप दिसतात, किंवा बोटानं खालून वर ओढून थांबवा. जाहिरात ज्या अ‍ॅपची आहे त्याचं चिन्ह त्या चौकटीच्या वर दिसते. कधी ते चिन्ह पांढरं कोरं असते किंवा नावच नसते, तर तेच तुमचं गिऱ्हाईक समजा. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या यादीत जाऊन तिथून काढा, होम स्क्रीनवरून काढत बसू नका कारण असे काही अ‍ॅप आपलं चिन्ह लपवतात. निघत नसन तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा (पॉवर बटन दाबून जो बंद करायचा पर्याय येतो त्यावर बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनवर विचारते), त्यात बाहेरून टाकलेले अ‍ॅप बंदच राहतात आणि मग ते गुपचूप निघते. तरी नाही निघालं तर सेटिंग्जमध्ये डिव्हाइस अ‍ॅडमिन शोधा, तिथं त्याची खूण लागलेली असन ती काढा.

त्यानंतर स्पेशल अ‍ॅप अ‍ॅक्सेस नावाची जागा आहे, तिथं "इतर अ‍ॅपच्या वर दिसणे" ही परवानगी कोणाकोणाला आहे ते पाहा. आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, ही परवानगी ज्या अ‍ॅपकडे आहे ते तुमच्या स्क्रीनवरचं वाचू शकते आणि तुमच्या वतीनं बटनं दाबू शकते. गेमला तिचं काहीच काम नाही. पेन्शनचं खातं याच फोनवर आहे म्हणता तर आज रात्री झोपायच्या आधी एवढं तरी पाहा, आणि तिथं काही अनोळखी सापडलं तर अ‍ॅप काढून झाल्यावर यूपीआयचा पिन बदलून घ्या.

आता ते व्हायरसवालं. माझा अंदाज आहे की ते अ‍ॅपचं नाही, ब्राउजरचं आहे. कोणत्या तरी साइटनं "नोटिफिकेशन पाठवू का" विचारलं असन आणि आईनं अलाउ दाबलं असन. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये साइटची यादी असते, ओळखीची नसन ती प्रत्येक बंद करा. कोणतीही वेबसाइट तुमच्या फोनमधला व्हायरस शोधू शकत नाही, हे आईला एकदा शांतपणे सांगून ठेवा. आणि ओके दाबल्यावर काही फाइल उतरली का ते डाउनलोड्समध्ये पाहा, एपीके (म्हणजे अ‍ॅप टाकायची फाइल) नावानं संपणारी काही दिसली तर उघडू नका, काढून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, गाडीचं चलान म्हणून ज्या एपीके फिरून राहिल्या त्यांचंही तेच. पैसे गेल्याची शंका आली तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर केला तर पैसा पुढच्या खात्यात सरकतो.

आणि हो, पोरगा चार्जिंग लावून खेळत असन तर ते बंद करा. मे महिन्यात आपल्याकडे फोन तसाच तापतो, वर गेम, वर चार्जिंग, वर ते जाड कव्हर. बॅटरी फुगलेले फोन याच दिवसांत येतात माझ्याकडे.

धरमपेठ_ताई:

बर्डीच्या दादांनी सांगितलं ते आधी करा, मी त्याच्या पुढचं सांगते. माझ्या सासऱ्यांच्या फोनवर दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं आणि तेव्हापासून घरातले पाचही फोन मीच बघते.

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोनमध्येच प्रायव्हेट डीएनएस नावाची सोय आहे, काही टाकावं लागत नाही. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधाच्या चौकटीत तेच नाव टाका, प्रत्येक कंपनीनं ते वेगळ्या ठिकाणी ठेवलंय. तिथे होस्टनेमचा पर्याय निवडून डीएनएस डॉट अ‍ॅडगार्ड-डीएनएस डॉट कॉम असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहायचं आणि सेव्ह करायचं. झालं. हे कसं चालतं तर फोन कुठेही जायच्या आधी कोणाला तरी पत्ता विचारतो, जसं आपण चौकातल्या पानठेल्यावर विचारतो की अमुक घर कुठे. हा पानठेलेवाला जाहिरातवाल्यांचं घर विचारलं की सांगतो, असं कोणी इथे राहत नाही. जाहिरात येतच नाही, डेटाही वाचतो. लहान मुलाच्या हातात फोन जातो म्हणून सुरुवातीच्या डीएनएस या शब्दाच्या जागी फॅमिली असं लिहिलं तर प्रौढांच्या साइटही अडतात.

पण याच्या मर्यादा माहीत असू द्या नाहीतर दोन दिवसांत वैतागून काढून टाकाल. यूट्यूबच्या जाहिराती यानं जात नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच घरातून येतात, पत्ता अडवला तर व्हिडिओही अडेल. स्टेशनवरचं किंवा हॉटेलातलं वायफाय कधीकधी लॉगिनचं पानच उघडू देत नाही, तेव्हा पाच मिनिटं बंद करून परत लावायचं. एखादं बँकेचं अ‍ॅप रुसलं तरी तेच. आणि तुमचा फोन कुठे कुठे जातो हे आता त्या पानठेलेवाल्याला कळतं, हा विश्वासाचा भाग आहे. मी विचार करून तो ठेवला, कारण आधी ते शंभर जणांना कळत होतं.

वाचायला क्रोमऐवजी फायरफॉक्स ठेवा, त्यात यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन टाकताच येत नाहीत. आजी बातम्या वाचत असतील तर फरक लगेच दिसेल, आमच्या सासऱ्यांना पहिल्यांदा वाटलं की पेपरवाल्यांनी पान बदललं.

प्रायव्हसी अ‍ॅपबद्दल माझं स्पष्ट मत आहे की फुकटचं व्हीपीएन कोणतंही टाकू नका. तुमचा सगळा व्यवहार त्यांच्या यंत्रातून जातो आणि ते यंत्र चालवायचा खर्च कोणीतरी कुठून तरी काढतच असतं. मला खरंच उपयोगी पडलेलं एकच, रेथिंक. ते व्हीपीएनची जागा वापरतं, वर किल्लीचं चिन्ह दिसतं, पण गाळणी फोनमध्येच चालते आणि त्याचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. त्यात कोणतं अ‍ॅप दिवसभर कोणाशी बोलतं ते दिसतं आणि हव्या त्या अ‍ॅपचं इंटरनेट बंद करता येतं. मी पहिल्या दिवशी बघितलं तर टॉर्चचं अ‍ॅप, जे चार महिने कोणी उघडलंही नव्हतं, ते रात्री तीनला बाहेर बोलत होतं. मला त्या दिवशी खूप राग आला होता. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन असेल त्या फोनवर रेथिंक नको, तिथे नुसतं प्रायव्हेट डीएनएस पुरतं.

बाकी अँड्रॉइड १२ आहे म्हणजे प्रायव्हसी डॅशबोर्ड आहेच, गेल्या २४ तासांत माइक, कॅमेरा, लोकेशन कोणी वापरलं ते दिसतं. आणि सेटिंग्जमध्ये गुगल, मग अ‍ॅड्स, तिथे अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी डिलीट करा. फोनची जाहिरातवाल्यांकडची ती ओळखपाटी असते. जाहिरातीचे फोन येत असतील तर आजींच्या नंबरवरून स्टार्ट, मग जागा सोडून शून्य, असा इंग्रजीत मेसेज १९०९ ला पाठवा.

एक विनंती. हे सगळं करताना आजींना शेजारी बसवा. आम्ही सासऱ्यांना न सांगता केलं होतं, त्यांना वाटलं त्यांचं काहीतरी चुकलं म्हणून फोन काढून घेतला, आणि त्यांनी आठ दिवस फोनला हातच लावला नाही.

जुनी_कॅसेट_८६:

बाकीचं दोघांनी सांगितलं, मी काँट्राचं सांगतो, त्यासाठीच खातं उघडून राहिलो खरं तर.

भाऊ, तुमच्या पोरानं जे टाकलं तसे अ‍ॅप म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी फुकट मिळणारा एम्युलेटर उचलला, त्यात दुसऱ्याचे गेम भरले, वर जाहिराती चिकटवल्या आणि स्टोअरवर टाकला. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम. मूळचे चांगले एम्युलेटर जाहिरातीशिवायच आहेत, आणि फुकट आहेत. पोरासाठी लेम्युरॉइड टाका. प्ले स्टोअरवर आहे, एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या अ‍ॅपच्या स्टोअरवरपण आहे. फोल्डर दाखवला की गेम स्वतः ओळखून मांडून ठेवते, जिथं सोडलं तिथून सुरू होते, कॉन्टॅक्ट्स मागत नाही. रेट्रोआर्क त्याच्याहून ताकदवान आहे, त्यात बटन दाबल्यापासून माणूस उडी मारेपर्यंतचा उशीर कमी करायची रन-अहेड नावाची सोय आहे, पण त्याचा मेनू पाहून नवा माणूस गोंधळते, ते तुम्ही स्वतःसाठी ठेवा. टाकून झालं की त्याचं इंटरनेट ताई म्हणतात तसं रेथिंकमधून बंद करून द्या, नाहीतर पोरगा खेळायला बसला की फ्लाइट मोड लावा. या गेमना नेट कशाला पाहिजे, आपण खेळायचो तेव्हा घरात फोन तरी कुठं होता.

आता गेमच्या फाइलचं. नेटवर रोम नावानं हजार साइट आहेत, ज्यांचे हक्क कंपनीकडे आहेत ते गेम तिथून उतरवणं कायद्यात बसत नाही, आणि तुमचा फोन ज्या रोगानं आजारी पडला तो रोग त्याच साइटवर सगळ्यात जास्त आहे, पानभर हिरवे डाउनलोडचे बटन आणि त्यातलं एकही खरं नाही. एक माप डोक्यात ठेवा. पहिला सुपर मारिओ, १९८५ चा, आख्खा गेम फक्त ४० केबी आहे. काँट्रा १२८ केबी. तुमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो याच्याहून मोठा असते. म्हणून मारिओच्या नावानं कोणी २० एमबीची एपीके देऊन राहिला तर ती उघडायचीच नाही, त्यात मारिओ सोडून बाकी सगळं आहे.

सरळ रस्ता पाहिजे तर कोनामीनं २०१९ मध्ये काँट्राचे जुने गेम एकत्र करून काढले, कॉम्प्युटरवर स्टीमवर मिळतात, त्यात आपला टीव्हीवालापण आहे. घरी जुना कॉम्प्युटर असन तर बाप-लेक सोबत खेळू शकता, फोनवर ती मजा नाही. आणि फुकट, पूर्ण कायदेशीर पाहिजे तर आजही लोक त्या ८ बिटच्या यंत्रासाठी नवीन गेम बनवून राहिले. नोव्हा द स्क्विरल नावाचा खारीचा गेम आहे, त्याचा कोडसुद्धा खुला आहे, नऊ वर्षांच्या पोराला मस्त आहे. मायक्रो मेजेस हा विकतचा आहे, तोही ४० केबीतच बसवला आहे आणि चार जण सोबत खेळू शकतात. लेम्युरॉइडमध्ये दोन्ही चालतात.

तुम्ही लिहिलं नाही पण आपल्या वयाचा माणूस आहे म्हणजे मुस्तफा आठवत असनच. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉमचा १९९३ चा व्हिडिओ गेम पार्लरचा गेम. चार खेळाडूंपैकी एकाचं नाव मुस्तफा, पळत येऊन लाथ मारायचा, म्हणून आपण गेमलाच मुस्तफा केलं. नागपुरात कोणत्याही पार्लरमध्ये जाऊन मुस्तफा आहे का विचारलं की पुरे. मी शिकवणीचे पैसे... जाऊ द्या, ती गोष्ट वेगळी आहे.

टच स्क्रीनवर काँट्रा खेळू नका एवढंच सांगतो. अंगठ्याखाली बटन लागत नाही, पोरगा दोन मिनिटांत मरन आणि म्हणन बाबांचा गेम बकवास होता. फोनला यूएसबी जोडायची ओटीजीची छोटी पिन घ्या आणि तारेचा यूएसबी गेमपॅड लावा. बिनतारीवाले स्वस्तातले मागे पडतात, उडी हुकते.

मानेवाडा_रिंगरोड:

मंडळी, कसे आभार मानू. काल रात्री आईला शेजारी बसवून सगळं केलं, ताई तुमचं ते वाक्य वाचलं नसतं तर मीपण फोन घेऊन आतल्या खोलीत गेलो असतो.

चोर सापडला, पण तो गेमवाला नव्हता. गेमचं अ‍ॅप काढल्यावरही रात्री जाहिरात आली, चौकोन दाबून पाहिलं तर कोरं पांढरं चिन्ह. यादीत शोधलं तर वॉलपेपरचं काहीतरी निघालं, ते गेमच्याच एका जाहिरातीतून आलं असणार कारण आम्ही कोणी टाकलं नव्हतं. सेफ मोडमध्ये जाऊन काढलं. अ‍ॅक्सेसिबिलिटीत कोणी नव्हतं, ते पाहून जीव भांड्यात पडला, तरी पिन बदलला. क्रोममध्ये चौदा साइट नोटिफिकेशन पाठवून राहिल्या होत्या, चौदा! आई म्हणे मला वाटायचं अलाउ नाही दाबलं तर पुढचं वाचू देत नाहीत. आज सकाळपासून एकही नाही. प्रायव्हेट डीएनएस फॅमिलीवालं लावलं, गॅसचं बुकिंग आणि यूपीआय दोन्ही चाललं.

पोराला खारीचा गेम लावून दिला, दुपारभर तेच. आता त्याला काँट्राच पाहिजे म्हणते, आणि इथं नवीन भानगड. आई म्हणे तुमचा डबा तर माळ्यावर आहे. खरंच निघाला! पिवळा पडला आहे, दोन रिमोट, तीन कॅसेट, एक ९९९९ गेमवाली, आणि बंदूकपण आहे. अ‍ॅडॉप्टर नाही. आमचा टीव्ही भिंतीवरचा एलईडी आहे. हे चालू होईन का, की नुसता धूर निघन? कॅसेट फुंकून लावू का?

जुनी_कॅसेट_८६:

अरे बाप्पा, नशीबवान आहात भाऊ! फुंकू नका. आपण सगळ्यांनी फुंकलं पण थुंकीचा ओलावा कॅसेटच्या धातूच्या दातांवर बसून गंज धरते, चालायची ती कॅसेट काढून परत घातल्यामुळं. मेडिकलमध्ये किंवा बर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा, कानकाडीला लावून दात पुसा, काळं निघणं थांबेपर्यंत, मग अर्धा तास वाळू द्या. या डब्यांच्या कॅसेटला ६० दात असतात, जपानच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल आहेत हे, समुराय, मीडिया, टर्मिनेटर, नावं वेगळी पण आतून जात तीच.

अ‍ॅडॉप्टर सापडला तसा लावू नका. डब्याच्या मागे किंवा खाली व्होल्ट छापले असतात आणि पिनेच्या मध्यभागी प्लस की मायनस याचं चित्र असते, दोन्ही जुळले पाहिजे, उलटा लागला तर खरंच धूर निघन. लावायच्या आधी उघडून आतले छोटे उभे डबे, कपॅसिटर, वरून फुगले का पाहा. फुगले असन तर कारागीर दादांकडे न्या, ते काही रुपयांचे असतात, बदलले की झालं.

एलईडी टीव्हीला मागं पिवळं-पांढरं एव्हीचं भोक असन तर डबा तिथं लागन. डब्याला एव्ही नसून नुसती अँटेनाची तार असन तर टीव्हीत अ‍ॅनालॉग चॅनल शोधायला लावा. चित्र जरा पसरट दिसन, टीव्हीत ४:३ निवडा आणि गेम मोड असन तर चालू करा.

फक्त बंदूक चालणार नाही, आणि हे पोराला आधीच सांगून ठेवा म्हणजे तो रडणार नाही. घोडा दाबला की बदकं मारायचा गेम क्षणभर स्क्रीन काळी करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवते, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड पाहते. उलटं आहे सगळं, बंदूक काही सोडत नाही, ती फक्त पाहते. जुन्या पेटीवाल्या टीव्हीत तो उजेड त्याच क्षणी यायचा. एलईडी टीव्ही चित्र दाखवायला थोडा वेळ घेते, तोपर्यंत गेमनं नेम चुकला म्हणून नोंद केलेली असते. कोणाकडे जुना पेटीवाला टीव्ही पडला असन तर भंगारवाल्याला देऊ नका म्हणा.

आणि ९९९९ मध्ये खरे गेम थोडेच असतात, तेच फिरून फिरून येतात, फक्त कपड्याचा रंग किंवा जिवांचा आकडा बदलून. काँट्रा त्यात सापडला तर सुरुवातीच्या पडद्यावर वर वर खाली खाली डावा उजवा डावा उजवा बी ए आणि मग स्टार्ट. ३० जीव मिळतात. हे मात्र पोराला पहिल्याच दिवशी सांगू नका.

बर्डीचा_कारागीर:

भाऊ, डबा घेऊन या, अ‍ॅडॉप्टर आणि कपॅसिटर दोन्ही पाहून देतो. दुपारी नका येऊ उन्हात, सहानंतर या. आणि पोराला सोबत आणा, आतलं कसं असते ते त्यालाही पाहू द्या.

मानेवाडा_रिंगरोड:

शनिवारी येतो दादा, सहानंतरच. पत्ता मेसेजमध्ये पाठवा. मावशीला फोन केला होता, तिच्याकडचा पेटीवाला टीव्ही अजून आहे, त्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या आहेत म्हणते. रविवारी बरण्या उतरवायला आम्ही दोघं सक्करदऱ्याला चाललो.